सकाळी दहाचा वाढदिवस, एप्रिलचं ऊन आणि अठरा मुलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलाला तीन वर्षं पूर्ण होताहेत. एप्रिलमधल्या रविवारी सकाळी दहा ते साडेबारा, जुळे सोलापुरात सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. दोन ते सहा वर्षांची १८ मुलं, मोठी माणसं ३०. एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, एक कुटुंब जैन आहे. तुमची यादी: छोले-भटुरे, पिझ्झा, पाणीपुरी, पॉपकॉर्नचं मशीन, आइस्क्रीम आणि दोन किलोचा फ्रेश क्रीमचा केक. यात काय ठेवावं, किती करावं, घरी करावं की बाहेरून आणावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी सोलापुरात २२ वर्षं नाश्त्याच्या आणि छोट्या कार्यक्रमांच्या ऑर्डरी करते. मुलांच्या वाढदिवसाचं काम आटोपलं की मी यजमानांना ‘कसं झालं’ म्हणून विचारत नाही, कारण ते ‘छान’च म्हणतात. मी खरकट्याची बादली बघते. मुलांच्या बादलीत सगळा हिशोब असतो: कड तोडून टाकलेला अख्खा भटुरा, पिझ्झ्यावरून वेचून काढलेली सिमला मिरची, एकच घास खाल्लेला केक, सँडविचचा मधला भाग खाऊन उरलेली चौकट. तुमची यादी वाचली आणि ती बादलीच डोळ्यांसमोर आली.

सकाळच्या वाढदिवसाचा मेनू घड्याळ ठरवतं, बाकी काही नाही. तीन वर्षांचं मूल आठ वाजता थोडं दूध पिऊन येतं. नवे कपडे, गडबड, रडारड यात नाश्ता धड होत नाही. साडेदहा-पावणेअकराला त्याला खरी भूक लागते. साडेबारानंतर डोळे चोळायला लागतं. मधे ते एका जागी बसून खाईल अशी फार तर वीस मिनिटं तुमच्या हातात आहेत. ती वीस मिनिटं केकच्या आधी मिळाली पाहिजेत. आधी केक कापला की साखर पोटात जाते, मग इडली दाखवा नाहीतर पुरणपोळी, मान फिरलीच समजा.

दुसरं घड्याळ पाहुण्यांचं. आपल्याकडे दहाचं आमंत्रण म्हणजे दहाला फक्त डेकोरेशनवाला आणि तुमचे सासरे. निम्मी मंडळी पावणेअकरापर्यंत येतात, एखादं कुटुंब अकराला. म्हणजे जो पदार्थ कढईतून थेट ताटात पडला तरच चांगला लागतो, तो इथे चालणार नाही. भटुरा दहा मिनिटांत चामड्यासारखा होतो. उपमा गोळा होतो, पोहे सुकतात. सुशीला माझ्या फार आवडीचा, पण भिजवलेले चिरमुरे फोडणीत परतले की लगेच खायचे. अर्ध्या तासाने त्याचा लगदा होतो.

तिसरं घड्याळ उन्हाचं. एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशी पार करतो आणि सोसायटीच्या हॉलमध्ये पंखे गरम हवाच फिरवत असतात. आमच्या धंद्यातला नियम असा: शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नाहीतर गरम पदार्थ ६० अंशांच्या वर धरायचा, म्हणजे भांड्याला हात लावला की चटकन मागे घ्यावा लागेल इतका, किंवा थंड पदार्थ फ्रिजइतका थंड. मधला कोमटपणा फक्त जंतूंना आवडतो. मोठ्या माणसाचं पोट एखाद वेळी निभावून नेतं. दोन वर्षांच्या मुलाला त्याच पदार्थाने दुपारपर्यंत जुलाब लागतात, आणि या उन्हात जुलाब म्हणजे साधी गोष्ट नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. धंद्याच्या चौथ्या वर्षी मे महिन्यात अशाच एका सकाळच्या कार्यक्रमाला ओल्या नारळाची चटणी केली होती. पहाटे साडेपाचला वाटली, वरून फोडणी दिली, स्टीलच्या डब्यात भरली, डबा टेम्पोत इडल्यांच्या गरम भांड्याला टेकवून ठेवला. अकराला झाकण उघडलं तर कडेने बारीक बुडबुडे. चमच्याने हलवली तर तार सुटली आणि नाकाला तो आंबूस, साबणासारखा वास आला. सगळी चटणी मोरीत ओतली आणि चाळीस मुलांना इडलीवर तूप-साखर वाढली. मुलांनी तक्रार केली नाही, उलट जास्त खाल्लं. पण त्या दिवसापासून मार्च ते जून माझ्याकडे सकाळच्या ऑर्डरीला ओल्या नारळाची चटणी मिळत नाही. कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो.

आता काय करायचं ते सांगते. मुलांसाठी तूप लावलेली मिनी इडली, तळहाताएवढं बिनतिखट धपाटं, फळ आणि ताक. मोठ्यांसाठी नेहमीची इडली, सांबार, धपाटी, दही, चटणी, पन्हं. आणि केक. एवढंच. दोन स्वयंपाक नकोत. तोच पदार्थ, मुलांचा लहान आणि बिनतिखट. वेगळा ‘किड्स मेनू’ केला की आया मुलांचं ताट संपवतात आणि मुलं आयांच्या ताटात हात घालतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

मिनी इडली का? मूल ती बोटांच्या चिमटीत धरून स्वतः तोंडात घालतं. चमचा लागत नाही, भरवावं लागत नाही, कपड्यांवर सांडत नाही. गार झाली तरी मऊ राहते, फक्त वाफ पूर्ण जिरायच्या आधी ताटलीतून उपसू नका आणि काढल्या काढल्या तुपाचा हात फिरवा. मग डब्यात भरून वर ओला पिळलेला पंचा टाकायचा. मिनी इडलीला सात-आठ मिनिटं वाफ पुरते, मोठीला दहा-बारा.

पिठाची मात्र एप्रिलात गंमत असते. थंडीत जे पीठ फुगायला रात्रभर घेतं ते आता पाच-सहा तासांत पातेल्याच्या बाहेर येतं. शनिवारी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी पाचच्या सुमारास वाटा, मीठ वाटतानाच घाला, कारण मिठाने आंबणं जरा आवरतं. रात्री दहा-अकराला पीठ फुगलेलं दिसलं की झोप आली असली तरी उठून ते फ्रिजमध्ये टाका. ‘सकाळी बघू’ म्हटलं की सकाळी आंबट इडली. मोठी माणसं ती सांबारात बुडवून खातील, मुलं पहिल्या घासाला थुंकतील.

धपाटी मी मुद्दाम सुचवते. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन आणि कणीक, कोथिंबीर किंवा मेथी, तीळ, ओवा, हळद, मीठ. मंगळवेढ्याची ज्वारी आपल्या दारात असताना मुलांना मैद्याचा पिझ्झा कशाला? पण माझं खरं कारण धंद्याचं आहे. धपाटं सकाळी सातला भाजलं तर साडेअकरालाही चांगलंच लागतं. आपल्याकडे प्रवासाला ते बांधून नेतात ते उगीच नाही. त्यात पाणी कमी, तव्यावर खरपूस भाजलेलं, त्यामुळे उन्हात तग धरतं. मुलांच्या धपाट्यात मिरची अजिबात नको, लाल तिखटही नको. हळद आणि किसलेला दुधी घाला, रंग येतो आणि मऊ राहतं. दुधी घातलाय हे कुणाला सांगू नका.

आता शेंगदाणे. सोलापुरात राहून शेंगदाणे टाळायचे म्हणजे पंढरपुरात राहून टाळांचा आवाज टाळण्यासारखं आहे. आपल्या स्वयंपाकात शेंगा दिसत नाहीत तिथेही असतात: आमटीला कूट, कोशिंबिरीला कूट, पोह्यांत दाणे, भडंगात दाणे, आणि घरोघरी डब्यात शेंगाचटणी. म्हणून ‘त्या मुलाला वेगळं वाढू’ असं ठरवू नका. त्या दिवशी हॉलमध्ये शेंगदाणा येणारच नाही असं ठरवा. १८ मुलांचे हात एकाच ताटातून फिरतात, एकाच्या बोटांना लागलेली चटणी दुसऱ्याच्या गालाला लागते.

सगळ्यात जास्त दगा मिक्सरचं भांडं देतं. तुमच्या घरचं कूट करायचं भांडं घ्या, पातं खोलून बघा. पात्याखालच्या रबरी वायसरात तपकिरी, तेलकट थर बसलेला असतो. वरून कितीही घासलं तरी तो निघत नाही. त्याच भांड्यात त्या दिवशीची चटणी वाटली तर ‘आम्ही शेंगदाणा घातलाच नव्हता’ हे तुमचं म्हणणं खरं असूनही उपयोगाचं नाही. ज्या भांड्यात कधी कूट केलं नाही असं भांडं घ्या, शेजारणीकडून आणायचं असेल तर तिलाही हेच विचारा. लाकडी पळी आणि पोळपाट-लाटणं यांचंही तसंच. तेल घाण्याचं शेंगदाणा वापरत असाल तर त्या दिवसापुरतं सूर्यफूल किंवा करडई वापरा. बाहेरची खारी, नानकटाई, चिक्की, केकवरचा चुरा यांचं पाकीट वाचा, सुटं असेल तर आणूच नका.

त्या मुलाच्या आईला आधी फोन करा. किती त्रास होतो, नुसत्या वासाने होतो की खाल्ल्यावर, औषध सोबत आणणार का, ते विचारा. तिला सगळी यादी सांगा, तिचा जीव निम्मा हलका होईल. आणि कार्यक्रमात त्या मुलाचे ओठ, चेहरा सुजला, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली किंवा अचानक उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. औषध द्यायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. गाडी कुणाची, चालवणार कोण, जवळचं चोवीस तास उघडं हॉस्पिटल कोणतं, हे शनिवारीच ठरवून ठेवा.

चटणी मग कशाची? पंढरपुरी डाळ्याची. डाळं, कोथिंबीर, आलं, जिरं, मीठ, लिंबू, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. मुलांसाठी बिनमिरचीची वाटून आधी काढून घ्या, मग उरलेल्यात मिरची घाला. उलट क्रमाने केलं की मुलांच्या वाटीत तिखट जातंच. धपाट्यासोबत मोठ्यांना जवसाची चटणी ठेवा, घरी भाजून, त्याच स्वच्छ भांड्यात कुटलेली. कुणीतरी हमखास म्हणेल, ‘शेंगाचटणी नाही?’ ऐकून घ्या.

जैन कुटुंबाचं. इथे बहुतेक जण ‘कांदा-लसूण-बटाटा काढला की झालं’ असं समजतात. काही घरांना एवढंच पुरतं. काही घरांत रात्री आंबवलेलं पीठही चालत नाही, म्हणजे इडली बाद. काही घरांत कच्चं दही आणि डाळ किंवा बेसन एकत्र चालत नाही, त्याला द्विदल म्हणतात. म्हणजे बेसन घातलेलं धपाटं आणि बाजूला दही हेही बाद, आणि तुम्हाला कळणारही नाही की त्यांनी ताट का बाजूला ठेवलं. गाजर तर कंदच, आणि आल्यालाही अनेक घरांत ना असते, तेव्हा चटणीचा थोडा भाग आल्याशिवाय वाटा. मोकळेपणाने विचारा. नुसत्या ज्वारीची आणि कणकेची, बेसनाविना दहा-बारा धपाटी वेगळी करणं काही अवघड नाही. सांबार सरळ सगळ्यांसाठीच कांदा, लसूण, बटाटा, गाजर न घालता करा. दुधी, शेवगा, भोपळा, टोमॅटो घातले की चव कुठे कमी पडत नाही. दोन पातेली ठेवली तर वाढणारा पळ्या अदलाबदल करतो.

तुमच्या यादीतलं पॉपकॉर्नचं मशीन रद्द करा, हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात लाही, दाणा, फुटाणा, कडक गोळी अडकते. त्यांच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि श्वासनलिका बोटाच्या पेरापेक्षा बारीक. याच यादीत जेलीच्या छोट्या वाट्या, गोल चॉकलेटच्या गोळ्या, अख्खं द्राक्ष, कच्च्या गाजराचे काप. द्राक्षं आपल्या जिल्ह्यात उदंड, एप्रिलात मिळतीलही, पण प्रत्येक द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायला माणूस असेल तरच ठेवा. आडवं चिरलं तर चकती होते आणि ती झाकणासारखी बसते. एखादं वर्षाच्या आतलं बाळ येणार असेल तर त्याला मध चाटवायला कुणाला देऊ नका, आज्जींनाही नाही. आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला. हे खाण्यात येत नाही, पण मुलांच्या तोंडात जातं.

यावर सगळ्यात चांगला उपाय आपल्याच घरातला आहे: पंगत. बुफे मोठ्यांसाठी ठेवा. मुलांना खाली चादरीवर दोन ओळींत बसवा आणि वाढा. तोंडात घास घेऊन पळणारं मूल ठसकतं, बसलेलं मूल क्वचितच. शिवाय पंगतीत शेजारचा खातो म्हणून आपणही खातो ही लागण असते. घरी इडलीला नाक मुरडणारी पोरं पंगतीत सहा-सात इडल्या खातात. ताटली स्टीलची लहान घ्या, भांडी भाड्याने देणाऱ्याकडे मिळते. कागदी प्लेट मांडीवर दुमडते आणि चटणी झबल्यावर. एका वेळी तीन इडल्या, अर्धं धपाटं, एक चमचा चटणी, एवढंच वाढा. मग पुन्हा फिरा. भरलेलं ताट पाहून लहान मूल दबतं. चादर चांगली नको, डाग पडणार आहेत.

सांबार आणि चहाची जागा मुलांपासून लांब, उंच टेबलावर, भिंतीकडे. टेबलक्लॉथ लोंबता नको. दोन वर्षांचं मूल उभं राहायला आधार म्हणून तोच ओढतं, वर काय ठेवलंय ते त्याला माहीत नसतं.

फळात कलिंगड. पाच-सहा किलोचं एक फळ या गर्दीला पुरतं. चिरायच्या आधी सालीवरून धुवा, नाहीतर सुरी सालीवरची सगळी धूळ आत नेते. बिया काढून बोटाएवढे लांब तुकडे करा, चौकोनी नकोत. चिरलेलं विकत आणू नका आणि घरूनही चिरून नेऊ नका. हॉलवर दहाला चिरा, बर्फाच्या परातीवर पातेलं ठेवा. बर्फ फक्त खाली, खाण्यात नाही. डाळिंबाचा मोह होईल, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र असलेल्या गावात तो व्हायचाच. मोठ्यांच्या दहीवाटीवर पेरा, धाकट्यांना दाणे देऊ नका. केळी सोलून ठेवू नका, अख्खीच ठेवा.

पाण्याचं वेगळं सांगायला नको. नळाला किती दिवसांनी पाणी येतं आणि ते टाकीत किती दिवस राहतं, हे आपण सगळे जाणतो. प्यायला, ताकाला, पन्ह्याला उकळून गार केलेलं किंवा खात्रीच्या जारचं पाणी घ्या. ४८ माणसांना, या उन्हात, अडीच तासांना २० लिटरचे तीन जार सांगा. ताकात मिरची-आलं नको, नुसतं जिरेपूड आणि मीठ. थंड पेयाच्या बाटल्या आणूच नका. एकदा दिसल्या की ताक कुणी पीत नाही.

केक दीड किलो पुरे. मूल ३० ग्रॅमच्या वर खात नाही, बाकी नाकाला लावतं. फ्रेश क्रीम या हवेत अर्ध्या तासात ओघळतं आणि पुढे आंबतं. बिनअंड्याचा, बटरक्रीमचा किंवा नुसता साधा केक घ्या, मधे फळांचा थर नको. फ्रेश क्रीमचाच हट्ट असेल तर केक अकरा वाजता कुणाला तरी आणायला पाठवा, दहाला आणून टेबलावर मांडू नका. केकवाल्याला शेंगदाणा आणि काजू-बदामाचं स्पष्ट विचारा. आइस्क्रीम नको. केक आहे, पुन्हा गोड कशाला? सासूबाईंना गोड हवंच असेल तर सकाळी घरी औक्षणाच्या आधी शेवयांची खीर करा आणि घरातच संपवा. ती खीर हॉलवर येऊ नये. पाणीपुरीही नको: पाणी कुठलं आणि हात कुणाचे, दोन्ही आपल्या हातात नाही.

मापं देते, ती माझ्या वहीतली आहेत. मुलांना सरासरी सात मिनी इडल्या, म्हणजे १५० करा. मोठ्यांना प्रत्येकी तीन, म्हणजे १०० करा. तांदूळ आणि उडीद मिळून एक किलोत नेहमीच्या ४५ ते ५० इडल्या होतात आणि चार मिनी इडल्या म्हणजे एक मोठी धरायची. त्या हिशोबाने सव्वादोन किलो इडलीचे तांदूळ आणि पाऊण किलो उडीद डाळ. मोठी धपाटी ५० आणि छोटी २५, सगळं पीठ मिळून तीन किलो. सांबार साडेपाच लिटर, त्याला पाऊण किलो तूरडाळ. ताकाला अडीच किलो दही, दहा लिटर ताक होतं. धपाट्यासोबतच्या दह्याला दोन किलो वेगळं. यात दहा टक्क्यांहून जास्तच धरलेलं आहे, त्यावर आणखी ‘असू दे’ म्हणून वाढवू नका.

एक गोष्ट आमंत्रणावरच लिहा: ‘नाश्ता’. साडेबाराला संपणाऱ्या कार्यक्रमात आपली माणसं जेवण धरून येतात आणि मग भात शोधतात. ‘नाश्ता आमच्यासोबत’ एवढं लिहिलं की कुणी घरी स्वयंपाक बंद ठेवून येत नाही.

घरी की बाहेरून? मी स्वतः ऑर्डरी घेते, तरी सांगते, अ‍ॅलर्जीचं मूल असताना चटणी आणि धपाटी घरीच करा. आमच्यासारख्यांच्या स्वयंपाकघरात दिवसाला किलोकिलोने कूट होतं, ते हवेत असतं, ओट्यावर असतं, पदराला असतं. खरं बोलणारी बाई ‘शंभर टक्के शेंगदाणाविरहित’ असं कधी म्हणणार नाही. इडलीचं पीठ बाहेरून घ्यायला हरकत नाही, फक्त ज्या यंत्रावर ते वाटतात त्यावर दुसरं काही वाटत नाहीत ना, एवढं विचारा. वाफवायला मात्र दोन बायका सकाळी लागतील. त्यांचे पैसे देताना हात आखडू नका. वाढायला त्याच उपयोगी पडतात, तेव्हा तुम्ही फोटोत असाल.

वेळा अशा धरा. सकाळी सहाला लागेल तेवढंच पीठ फ्रिजबाहेर काढायचं, सातला धपाटी सुरू, सव्वाआठपासून इडल्या. आधी मोठ्यांच्या, शेवटी मुलांच्या, म्हणजे मुलांच्या सगळ्यात ताज्या. इडल्या गरम डब्यांत घट्ट भरून न्या आणि हॉलवर डबा वाढतानाच उघडा. कमीत कमी एक शेगडी हॉलवर न्या: सांबार उकळतं ठेवायला लागतेच, आणि मोठ्यांच्या इडल्या वाढायच्या आधी तिच्यावरच पुन्हा वाफवून कडकडीत करून घ्या. दहाला आलेल्या मुलांना लगेच कलिंगड आणि ताक द्या, म्हणजे पावणेअकरापर्यंत दम निघतो. दहा चाळीसला खेळ थांबवायचा, हात धुवायचे, पंगत. साबण आणि टॉवेल मोरीवर आधीच ठेवा, सोलापुरात टॉवेल कमी पडला म्हणून सांगू नका. अकरापर्यंत मुलांचं होतं. उशिरा आलेल्यांना त्याच पंगतीच्या टोकाला बसवायचं, वेगळी व्यवस्था नाही. सव्वाअकराला औक्षण आणि केक. साडेअकराला मोठ्यांचा बुफे, तोवर मुलांची पोटं भरलेली असतात आणि आयांना बसून खाता येतं. ही वेळ कितीही पुढे सरकली तरी मुलांची पंगत सरकवू नका. आजोबा आले नाहीत म्हणून मोठ्यांना थांबवता येतं, भुकेल्या अठरा मुलांना नाही.

खाऊन झाल्यावर उड्या मारायचे खेळ नकोत, गोष्ट किंवा गाणी घ्या. निघताना द्यायच्या पिशवीत लॉलीपॉप, चॉकलेट, चिक्की नको. चॉकलेट गाडीपर्यंत वितळतं आणि त्या एका मुलाला त्यातलं काहीच खाता येत नाही. खडू-चित्रांची वही द्या.

उरलेलं काय करायचं, हे आधीच ठरवा. जास्तीचं पीठ फ्रिजमधून काढलेलंच नसावं, म्हणजे सोमवारी त्याचे उत्तपे होतात. टेबलावर उघडी राहिलेली इडली, दही, कलिंगड कुणाला बांधून देऊ नका, कितीही जीव तुटला तरी. धपाटी मात्र द्या, संध्याकाळपर्यंत टिकतात. आणि सकाळी डबे भरताना चार इडल्या आणि एक धपाटं वेगळ्या डब्यात घालून त्यावर तुमचं नाव लिहा. साडेबाराला टेबलावर काही उरलेलं नसतं आणि तुम्ही पहाटेपासून फक्त चहावर असता.